झाकलेल्या पाटीवरचे नाव

मर्टलबाईंची नि माझी ओळख आमच्या वस्तीतील प्रौढ साक्षरता वर्गात झाली. पहिल्या दिवशी प्रत्येकाने स्वतःचे नाव लिहावयाचे होते. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांच्याच नावाची थोरली चुलत बहीण, आमच्या वाळवंटातील मोठी चित्रकार, नुकतीच वारली होती. गेलेल्या माणसाचे नाव शोक संपेपर्यंत आम्ही उच्चारीत नाही, लिहीतही नाही. ज्या जिवंत माणसाचे नाव तेच असेल, त्याचेही नाव तेव्हापासून बंद होते. सारे बाईंना ‘कुमंजायी’, म्हणजे नाव नसलेली, म्हणू लागले. बहिणीच्या चित्रांच्या दालनाला कुलूप लागले. दारावरची तिच्या नावाची पाटी कापडाने झाकली गेली.

दोन वर्षांनी बहिणीच्या मुलीने, बेरिलने, दालन उघडण्याचा दिवस ठरविला. पाटी उघडली की नाव मोकळे होणार होते. बाई पहाटेच नवा झगा घालून गाडीजवळ उभ्या राहिल्या.

“काय गं, लग्नाला निघालीस का?” मेहुणा नेल्सन हसला.

“तुझ्या गाडीत बसायचं म्हणजे जिवावर उदार व्हायचं. म्हटलं, कपडे तरी नीट असावेत अंगावर!”

तांबडी धूळ उडवीत गाडी पोहोचली. जागा शुद्ध करण्यासाठी हिरव्या पाल्याचा धूर दालनभर फिरविण्यात आला. तो विरला तशी भिंतीवर ठिपक्याठिपक्यांनी पसरलेली रानकंदाची मुळे दिसू लागली. बाईंनी टाळीच वाजवली.

“अगं, ही तर आपली कंद खणायची जागा! इथंच तिनं माझी काठी पळवली, आणि वर मलाच आळशी म्हणाली!”

मग सगळे दाराशी जमले. बेरिलने कापडाचे टोक हाती धरले आणि तशीच उभी राहिली.

“मावशी, आत अजून आईचाच वास येतोय गं. होत नाही माझ्याच्यानं.”

बाईंनी एक हिसका दिला असता तर काम झाले असते. तरी त्या म्हणाल्या, “मग राहू दे, पोरी. मी थांबते.”

“तू थांबतेस? तुला चहा निवेपर्यंत धीर नसतो!”

असे म्हणत बेरिल रडता रडता हसली आणि तिने कापड खसकन ओढले.

बाईंनी हवेत बोट फिरवीत एकेक अक्षर स्वतः वाचले. पुन्हा वाचले.

“बेरिल, तिकडं गाडीपाशी जा,” त्या म्हणाल्या, “आणि तिथून मला नावानं मोठ्यानं हाक मार.”