दोरावरची साक्ष

तुलारामला गप्प बसता येत नाही, हे कोंढ्यात कोणालाही विचारा. त्याचं आणि माझं घर भिंतीला भिंत लागून आहे, त्यामुळे मला तर विचारूच नका.

मासेमार ढिवराचा पोर, तलावातच वाढला. कावीळ होऊन नागपूरच्या दवाखान्यात पडला होता, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या माणसाने त्याच्यासाठी येशूजवळ प्रार्थना केली. तुलाराम बरा झाला आणि येशूचा होऊन गावात परतला. गावाने तेही पचवलं. मासेमारीआधी तलावाच्या बांधावर, म्हणजे पाळीवर, नारळ फुटायचा, तो प्रसाद न घेता बाजूला उभा राहायचा, कोणी काही म्हणत नसे. घात केला तो त्याच्या तोंडाने.

तलावात मोठं जाळं ओढायला दोरावर माणसांची रांग लागते. एकदा ओढायला घेतलं की दोर सोडता येत नाही, सोडला तर मासळी गेलीच. तुलारामने येशूची साक्ष द्यायला, त्याच्याविषयी सांगायला, नेमकी हीच वेळ हेरली. कमरेएवढ्या पाण्यात अडकलेल्या माणसांना तो येशूच्या पहिल्या शिष्यांची गोष्ट सांगायचा. त्यांच्यातले काही आपल्यासारखेच जाळेवाले होते, बोलू नका म्हणून त्यांना दटावलं, फटके मारले, तरी ते थांबले नाहीत. पहिल्या वर्षी लोक हसले. मग दरवर्षी तेच ऐकून वैतागले. पळता तर येत नव्हतं! शेवटी सगळ्यांनी सांगितलं, तोंड बंद ठेव, नाहीतर दोराला हात लावू नको.

त्याने दोर सोडला. तेव्हापासून वैनगंगेवर एकटाच जाळं फेकतो आणि पवनीच्या बाजारात मासळी विकता विकता गिऱ्हाइकाला तीच गोष्ट सांगतो. गिऱ्हाईक पिशवी उचलून चालू लागतं. गावात पाळीवर तो येऊन बसला की माणसं उठतात. मला त्याचा राग येतो. बोलल्यावाचून एवढं काय अडलंय याचं? आणि तो एकटा घरी जाताना दिसला की वाईटही वाटतं.

यंदा मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष भोजराज, त्याचा लहानपणचा जोडीदार, स्वतः त्याच्या दारात आला.

"पोट्टे सारे नागपूरले गेले, तुलाराम. मानसं कमी पडून राहिले. एक दिवस चूप राह्य, अन् ये दोरावर."

तुलारामचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, आता हा हो म्हणतोच.

"मले का यावंसं वाटत नाही, भोजराज? पन दोर हातात आला का मी बोलनच. मंग आज लबाडी कायले करू?"

"त मर एकटा," म्हणून भोजराज निघून गेला.

जाळं ओढायच्या दिवशी तुलाराम पाळीच्या टोकाला बसला होता. रांगेत त्याची जागा रिकामी होती आणि तिथे दोर ढिला पडत होता. बायांमध्ये मासळीच्या टोपल्या मांडत असलेली गीताबाई, त्याची बायको, एकदम उठली. तिने लुगडं खोचलं, पाण्यात उतरली आणि दोर धरला. बाया कधी दोर धरत नाहीत, पण कोणी हटकलं नाही. तुलाराम उभा राहिला, मग पुन्हा खाली बसला.

संध्याकाळी वाट्याच्या मासळीचा रस्सा करून तिने एकच ताट वाढलं. मी माझ्या अंगणात होतो.

"तुयं?" त्याने विचारलं.

"मी जेवली पाळीवर, सगळ्यायसंग," ती म्हणाली. "भोजराजभाऊ म्हने, पुढच्या सालीबी तूच ये."

"बरं झालं," तुलाराम म्हणाला. आवाजावरून मला कळलं, काही बरं झालेलं नव्हतं.

एरवी त्याची प्रार्थना संपेपर्यंत गीताबाई घासाला हात लावत नसे, येशू तिचा देव नसला तरी. त्या दिवशी एका ताटापुढे तुलारामने डोळे मिटले आणि येशूचे आभार मानले, नेहमीसारखे मोठ्याने. ओसरीवर गीताबाई दोराने सोललेल्या तळहातांना तेल चोळत राहिली.