हाय नाही, आहे!

मी विनोदिनी. कडेगावजवळच्या एका चौथीपर्यंतच्या शाळेत मी सहा वर्षं इंग्रजी शिकवते, असं लोकांना सांगते. दहावीला मला इंग्रजीत पस्तीस मार्क होते आणि त्यातले दोन-तीन तरी तपासनिसाच्या दयेचे असावेत. पण शाळेत शिक्षक दोनच. मानसिंग गुरुजी वयाने मोठे, म्हणून त्यांनी आधी गणित उचललं. उरलेलं इंग्रजी माझ्या गळ्यात पडलं.

इंग्रजीत लंगडी असले तरी मराठीत मी भारी कडक. पोरं 'पाणी हाय' म्हणाली की माझ्या अंगावर काटा यायचा. "हाय नाही म्हणायचं, आहे म्हणायचं!" हे मी इतक्यांदा बजावलं, की पुढे कुणाच्या तोंडून 'हाय' निसटलं तर सगळा वर्गच त्याच्यावर ओरडायचा. इंग्रजी नाही तर नाही, निदान शुद्ध मराठी तरी शिकवलं, म्हणून मी स्वतःवरच खूश असायची.

इंग्रजीतली एकच गोष्ट पोरांना पक्की यायची, तीही माझ्या गुणांमुळे. मी माधवनगरहून येते. आधी एसटी, मग मिळेल त्याची दुचाकी. त्यामुळे आठवड्यातून तीनदा उशीर ठरलेला. एकदा वाटलं, याचाच धडा करावा. दारात उभी राहिले की पोरांनी विचारायचं, "व्हाय, बाई?" आणि मी म्हणायचं, "बिकॉज ट्रॉली." उसाची ट्रॉली रस्त्यात आडवी नसलेल्या दिवशीही मी तेच सांगायची.

असं आमचं बरं चाललं होतं. मग गावातल्या लालासाहेबांचा मुलगा वीरधवल सैन्यातून सुट्टीवर आला. त्यांच्या घरातली चार पोरं आमच्याकडे. त्याची तिसरीतली लेक क्रांती त्यांतच. चौघांना जूनपासून इंग्रजी माध्यमात घालायचं, असं त्याने घरी बोलून दाखवलं. आमचा पट बावीस. चार गेली की अठरा, आणि वीसच्या आत आलेली शाळा किती दिवस राहील, याची धास्ती आम्हा दोघांनाही होती. मानसिंग गुरुजी म्हणाले, "बाई, आता तुमच्या इंग्रजीवरच हाय सगळं." त्यांना 'आहे' म्हणा असं सांगायचंही भान मला राहिलं नाही.

शनिवारी सकाळी पोरांचं इंग्रजी बघायला बाप आणि आजोबा दोघं वर्गात आले. पोरांकडून आठवडाभर 'गुड मॉर्निंग सर' घोकून घेतलं होतं. पण वीरधवल दारातूनच हसून, हात हलवत म्हणाला, "हाय, चिल्ड्रन!"

बावीस गळे एका सुरात त्याच्यावर ओरडले, "हाय नाही म्हणायचं, आहे म्हणायचं!"

मानसिंग गुरुजी खिडकीबाहेर बघायला लागले. मला तर जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. सहा वर्षांत माझं एकच शिकवणं पोरांच्या हाडात मुरलं होतं आणि ते नेमकं त्याच वेळी बाहेर आलं.

मी घाईघाईने भाषण सुरू केलं. लहान वयात आईच्या भाषेतलं शिक्षणच कसं चांगलं, मातीशी नाळ कशी तुटू नये, वगैरे. बोलता बोलता मला चांगलाच रंग चढला. लालासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, तुमचं पोरगं कंच्या साळंत हाय?"

माझा अनीश पहिल्यापासून सांगलीत इंग्रजी माध्यमात आहे. थाप मारावी असं मनात आलं. पण ऐनवेळी सुचेल तर ती मी कसली. "सांगलीत. इंग्रजी शाळेत," मी म्हणाले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, हे त्यांच्यापैकी कुणीही म्हणालं नाही, आणि म्हणूनच मला जास्त लाज वाटली.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून क्रांती उभी राहिली. "व्हाय, बाई?"

"व्हय काय, व्हय?" लालासाहेब तिच्यावर डाफरले. "मोठी मान्सं बोलत्यात न्हवं? गप बस खाली."

"आबा, व्हय न्हवं, व्हाय," वीरधवल लेकीकडे बघत म्हणाला. "का म्हणून इचारतीया ती. विंग्रजीत."

सगळे माझ्याकडे बघत राहिले. मला इंग्रजीत उत्तर येत नव्हतंच, मराठीतही येईना. बाप-आजोबा तसेच उठून गेले. रविवारभर मी अठरा, अठरा करत घरात फिरत होते.

सोमवारी पुन्हा उशीर झाला. धावत दारात पोचले तर चारही पोरं जागेवर. क्रांती म्हणाली, "बाई, पप्पा म्हनलं, हितंच ऱ्हा. बाईला इंग्रजीत गप केलंस म्हनलं, आनी काय शिकायचं?" मला हसूही आलं आणि डोळेही भरून आले. मग ती नेहमीसारखी ताठ उभी राहिली.

"व्हाय, बाई?"

मी सुटकेचा निःश्वास टाकला. "बिकॉज ट्रॉली."

"आजचं न्हाई," क्रांती म्हणाली. "शनवारचं."