एका उतरंडीतले दोन काटो

पेरेपेतुवा युगांडातल्या मसाका शहरात एका चर्चच्या कचेरीत टायपिस्ट होती. बाप्तिस्मा असो की लग्न, तिच्या हातून नाव चुकत नाही अशी तिची ख्याती. जाजा, म्हणजे तिचे आजोबा, वारले आणि त्यांच्या लुम्बेचा, म्हणजे उत्तरकार्याचा, शनिवार ठरला, तेव्हा कुळातले थोरले साळोंगो म्हणाले, वंशावळ हिनंच लिहावी. लुम्बेला वारस नेमतात, वंशावळ मोठ्यानं वाचतात, आणि ज्याचं नाव ज्या फांदीवर निघेल तो त्याच फांदीच्या चटईवर बसतो.

कागदावर मधेच एखादं मूल आठवलं की सगळं पान वाया. म्हणून तिनं लॅपटॉपवर उतरंड लावून देणारे तीन प्रोग्रॅम करून पाहिले. पहिला अगदीच साधा. बापाचं नाव, खाली जरा आत सरकवून मुलं, आणखी आत नातवंडं. दुसऱ्यात प्रत्येक नावाचं कार्ड; उचलून ठेवायला सोपं, पण चौथ्या पिढीला पडद्यावर नुसता बाजार. तिसरा हुशार. नाव लिहायला घेतलं की तोच पुरं करी, आणि ते नाव आधी कुठे आलं असेल तर इथली माहिती तिथे नेऊन जोडी. काम निम्म्यावर आलं. तिनं तिसरा घेतला, देवाचे आभार मानले आणि छापील प्रत साळोंगोंकडे धाडली.

शुक्रवारी सकाळी त्यांचा फोन आला.

"बरं झालं मुली, एकदाचं कागदावर आलं. लुक्वागो जाजांचा नातू नव्हेच. आम्हाला शंका होतीच."

लुक्वागो टायरचं पंक्चर काढणारा, तिचा चुलतभाऊ. तो पोटात असतानाच त्याचा बाप काटो लढाईत गेला. आई तान्ह्याला घेऊन या दारी आली, तेव्हापासून लोकांची कुजबुज सुरू होती. जाजांनी मात्र त्याला मांडीवर घेतलं होतं, आणि शेवटच्या आजारपणात त्यांची घाण काढली ती यानंच.

तिनं लॅपटॉप उघडला. जाजांच्या मुलांत काटो होता, पण त्याच्या खाली कोणी नाही. लुक्वागो वर, जाजांच्या भावाच्या पोरांत जाऊन बसलेला. तो भाऊही काटो. जुळ्यांतल्या धाकट्या मुलाला दुसरं नाव ठेवतं कोण? जाजांचं नाव वास्वा, त्यांचा जुळा भाऊ काटो. पुढे जाजांनाही जुळी झाली, बाबिर्ये आणि काटो. प्रोग्रॅमनं दोन्ही काटो एकच धरले, आणि तिनं घाईत तेच मान्य केलं होतं.

बाबिर्ये म्हणजे तिची सेंगा, सख्खी आत्या. ती ओट्यावर केळी सोलत होती. हकीकत ऐकून तिनं सुरी खाली ठेवली.

"माझ्या पाठीला पाठ लावून आला तो. तू त्याला माझा चुलता करून टाकलास होय गं? शिकलीस ती एवढ्यासाठी?"

पहिला, साधा प्रोग्रॅम काढून पेरेपेतुवा पुन्हा सगळं लिहायला बसली. त्याला कोण कोणाचं हे कळत नव्हतं. जिथे लिहावं तिथेच नाव राही. प्रत्येक ओळीला ती मनात मारिया मातेचं नाव घेई. लुक्वागोला फोन लावत राहिली, तो उचलेना. संध्याकाळी नवी प्रत पोचवली, तर साळोंगो म्हणाले, काल एक बाप, आज दुसरा. उद्या कुठला आणशील? हा कागद मी वाचणार नाही.

शनिवारी चटया अंथरल्या. लुक्वागो पार मागे, केळीच्या बागेच्या कडेला उभा होता, धुतलेला पांढरा कांझू घालून. कोणी बोलावलं नाही, तो आला नाही. साळोंगोंनी जुनाच कागद हातात घेतला आणि चष्मा पुसला.

आता गप्प राहिलं तर जन्मभर गप्प राहावं लागेल, एवढं तिला कळत होतं. ती सगळ्यांमधून पुढे गेली आणि त्यांच्यासमोर तिनं गुडघे टेकले.

"तो कागद खोटा आहे. चूक माझी आहे, लुक्वागोच्या आईची नाही. दोन काटो मी एक केले."

साळोंगोंनी सेंगाकडे पाहिलं. सेंगा बसल्या जागेवरून म्हणाली, "माझ्या जुळ्याला पोर झालं नाही असं कोणी वाचून तर दाखवा."

साळोंगो स्वतः जुळ्यांचे बाप; तेच तर त्यांच्या हाकेचं नाव. कागदाची घडी करता करता ते म्हणाले, "तुझ्या त्या लिहिणाऱ्या पेटीला कधी जुळी झाली नसावीत." मग हात पुढे केला. "आण ती दुसरी प्रत."

वाचन संथ चाललं. जाजांची मुलं. बाबिर्ये. काटो. काटोचा मुलगा लुक्वागो.

केळीच्या कडेला काही हललं नाही. पेरेपेतुवा अजून गुडघ्यांवरच होती. मागे वळून पाहायचा तिला धीर होईना. मग शेजारची, जाजांच्या फांदीची चटई दबली, आणि जेवढा साबणाचा तेवढाच रबराचा वास आला.

"ताई," लुक्वागो हळूच म्हणाला, "सरक जरा."