पंचफुलाबाईंनी बंद केलेला नंबर

आमच्या कारखान्याच्या वस्तीत, रिसालीत, पंचफुलाबाई मेश्राम म्हटलं की रांगोळी. महाराष्ट्र दिनाला आमच्या मराठी मंडळाची स्पर्धा व्हायची आणि पहिला नंबर ठरलेला, बाईंचा. परीक्षक बदलायचे, नंबर काही बदलायचा नाही. दुसरा नंबरही ठरलेलाच, त्यांची शेजारीण कौशल्या हटवार हिचा. दोघींचे नवरे कारखान्यात, दोघींच्या घरांत एकच भिंत, आणि सकाळचा चहा कोणाकडे हे आदल्या दिवशीच ठरलेलं.

बाईंची खरी करामत छतावर होती. कारखान्याची काळी धूळ इथे प्रत्येकाच्या छतावर बसते. आम्ही शिव्या घालत झाडतो. बाई ती गोळा करून वस्त्रगाळ करायच्या आणि रांगोळीतल्या चेहऱ्याच्या सावलीत भरायच्या. बाजारच्या काळ्या रंगाला ती छटा येत नाही. कसं करता म्हणून विचारलं, तर बाई हसून विषय बदलायच्या. कौशल्येलाही त्यांनी कधी सांगितलं नाही.

एका वर्षी पुन्हा दुसरी आल्यावर कौशल्या आपलं बक्षीस टेबलावरच सोडून घरी गेली. त्यानंतर चहा बंद. भिंत एकच राहिली, बोलणं गेलं. पंचफुलाबाईंना ते फार लागलं. आग लागो त्या नंबरला, असं माझ्यापाशी कितीदा म्हणाल्या.

शेवटी त्यांनीच मंडळात भांडून स्पर्धा मोडली. यापुढे नंबर नाही, बक्षीस नाही. सगळ्या बायकांनी मिळून हॉलभर एकच रांगोळी काढायची, रोवणी करणाऱ्या, चिखलात भाताची रोपं लावणाऱ्या बाईची. मधला चेहरा त्यांनी मनातल्या मनात कौशल्येसाठी राखून ठेवला होता. आपला मंडळाचा सेक्रेटरी प्रफुल्ल तर नाचायचाच बाकी होता. "अब कोई हारेगा नहीं, आंटी!" बाईंनी अख्ख्या मोहल्ल्याला विचारलं. विचारलं नाही ते एका कौशल्येला. तिला आनंदाचा धक्का द्यायचा होता ना!

आदल्या दिवशी बाई तिला बोलवायला गेल्या. स्वयंपाकघरात फरशीवर एका म्हातारीचा चेहरा काढलेला होता. गालाच्या खळग्यात, डोळ्यांखाली तीच छतावरची काळी छटा. बाजूला धुळीने भरलेली बरणी. बाई बघतच राहिल्या. असा चेहरा आपल्याला कधी जमला नाही, हे त्यांनी मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

"हे कधी शिकली वो तू?"

"सालभर करून राहिली. औंदा तुले हरवीन म्हटलं." कौशल्येने फडकं उचललं. "सारे नंबर तूच घेतले. माहा नंबर यायची वेळ आली, त् तू नंबरच बंद केला. कावून वो?"

"तुह्यासाठीच केलं वो माय," बाई म्हणाल्या. म्हणताना त्यांनाच ते खोटं वाटलं. कौशल्येने त्यांच्यासमोर म्हातारी पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी ती आली, पण काठाची पानं भरत बसली, मधे आली नाही. चेहरा बाईंनाच काढावा लागला. रांगोळी सुरेख झाली. कधी न येणाऱ्या बायका आल्या, एकमेकींच्या हातात हात घालून फोटो काढले. खरं सांगते, मलाही हीच पद्धत आवडते. पण बाईंच्या जिवाला चैन नव्हतं.

महिनाभराने त्या पुन्हा कौशल्येच्या दारात गेल्या. म्हणाल्या, "मी मंडळाले सांगतो. पुढच्या साली नंबर ठेवू."

कौशल्येने चहा ठेवला. रागावली नाही. कप पुढे करत म्हणाली, "आता तू मुद्दाम हरशील, पंचफुला. मले तुले हरवाचं होतं वो. तू देलेला नंबर घेऊन मी काय करू?"

बाईंनी चहा घेतला आणि घरी आल्या. आता त्याही आमच्यासारखंच छत झाडतात. धूळ सुपलीत भरतात आणि कचऱ्यात टाकतात.