भाड्यानं दिलेलं सर्टिफिकेट

नांदेडला आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये एक पोरगा काउंटरवर असतो. चिठ्ठी पुढं करेपर्यंत त्याचा हात रॅककडं गेलेला असतो. पैसे घेताना प्रत्येकाला एकच सांगणं, "जेवून घ्या, उपाशीपोटी नका." मलम नेलं तरी तेच.

डी.फार्म, म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, केल्यावर पगार वाढला का, असं मी एकदा विचारलं.

"न्हाई, काका. मालक म्हणतो, काम तेच हाय. म्हणून सर्टिफिकेट लातूरच्या एका दुकानाला भाड्यानं दिलंय. महिन्याला पाच हजार येतेत. औषध खात्याची तपासणी असली की फार्मासिस्ट म्हणून तेवढं जाऊन बसायचं."

मला पटलं नाही.

गेल्या महिन्यात लातूरला बहिणीकडं गेलो होतो. बीपीच्या गोळ्या संपल्या म्हणून एका मेडिकलमध्ये शिरलो, तर खुर्चीत हाच. अंगात इस्त्रीचा पांढरा कोट, डोक्यामागं भिंतीवर फ्रेममध्ये सर्टिफिकेट, त्यावर त्याचंच नाव. मी सवयीनं चिठ्ठी त्याच्यापुढं धरली. त्याचा हात उठला आणि रॅकसमोर अधांतरी थांबला.

"मालकाला मागा, काका," तो हळूच म्हणाला. "इथं कुठं काय ठेवलंय ते मला माहीत न्हाई. इथं मी फार्मासिस्ट हाय."