दीडपट वेगाने ऐकणारा माणूस

पार्सलच्या गोदामात त्याला सगळे ‘रेडिओ’ म्हणत. कानात इअरफोन घातल्याशिवाय तो गाडीची चावी फिरवत नसे, आणि कुणी समोर आला की आज काय ऐकावं हे न विचारता सांगे. गाडी भरताना बातम्या, जिने चढताना विज्ञान, लांबच्या फेरीला एखाद्या जुन्या खटल्याची गोष्ट. लोक ‘हो हो’ म्हणत सटकत. फुकटचा सल्ला कुणाला हवा असतो?

ही अक्कल मात्र त्याची नव्हती, बायकोची होती. ती लोकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या रेडिओत काम करायची. तिथे तिचा ‘वाटेवर ऐका’ नावाचा रोजचा छोटासा पॉडकास्ट होता. देशोदेशीच्या अशा रेडिओंचे कार्यक्रम पालथे घालून ती कामावर जाता-येता काय ऐकण्याजोगं आहे ते सांगायची. नवऱ्याएवढा इमानी श्रोता तिला दुसरा नव्हता.

पण या इमानी श्रोत्याला एक खोड होती. तो सगळं दीडपट वेगाने ऐकायचा. शिवाय बोलण्यातल्या मोकळ्या जागा आपोआप गाळून टाकायची सोय फोनमध्ये होती, तीही त्याने चालू करून ठेवलेली. एका फेरीत दोन फेऱ्यांचं ऐकून होतं, अशी फुशारकी तो गोदामात मारायचा. घरी मात्र चकार शब्द काढत नसे. स्वयंपाक करणारीला ‘मी तुझा घास न चावता गिळतो’ असं कोण सांगेल?

संध्याकाळी भाजी चिरता चिरता ती विचारायची, “ऐकलंत का हो?”

“ऐकलं की.”

“आवाज कसा वाटला?”

“खणखणीत!”

“दमल्यासारखा नाही ना वाटत?”

“छे! श्वास घ्यायलासुद्धा थांबत नव्हतीस.”

यात खोटं काहीच नव्हतं. त्याच्या कानात ती खरोखरच तशी सुटलेली असायची. ती हसायची आणि कामाला लागायची. जिना चढताना ती मध्येच कठड्याला धरून उभी राहायची, पण आता गुडघे कुरकुरणारच, असं दोघांनी मिळून ठरवून टाकलं होतं. फुप्फुसाचं दुखणं कळलं तेव्हा ते हाताबाहेर गेलेलं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, फार उशीर केलात. पुढचा पावसाळा काही तिने पाहिला नाही.

माणूस जातं, पार्सलं थोडीच थांबतात? तो कामावर जात राहिला, फक्त कान रिकामे ठेवून. मग एकदा जिन्यात फोन पडून फुटला. मुलीने नवा आणून दिला, तेव्हा कितीतरी दिवसांनी त्याने धीर करून बायकोचा एक जुना भाग लावला. संध्याकाळी तो फणफणतच मुलीकडे गेला.

“हा फोन परत कर. अडकतोय सारखा.”

मुलीने कानाला लावला. मागे नेऊन तेच पुन्हा ऐकलं.

“बाबा, फोन नाही अडकत. आई थांबतेय.”

नव्या फोनवर सगळं साध्या वेगाने चालू होतं. दोन वाक्यं झाली की ती थांबत होती, आत ओढलेला श्वास स्पष्ट ऐकू येत होता, मग पुढचं वाक्य.

“तुम्ही आधी कसं ऐकायचात?” मुलीने विचारलं. त्याने सांगितलं. तिने त्याच्या हातावर हात ठेवला.

त्यानंतर त्याने गाडी कडेला लावून तिचे शेवटच्या वर्षाचे भाग एकेक करून ऐकले. श्वास वाढत गेलेला कुणालाही कळला असता. एवढं ऐकू येत होतं, तर रेडिओतल्या माणसांनी काय कानात बोळे घातले होते? दोष चार जणांत वाटला तर ओझं थोडं उतरेल, अशी वेडी आशा धरून तो तिच्या ऑफिसात गेला. तिथे आवाजाची काटछाट करणारा एक तरुण होता. ती त्याला लाडाने ‘शिंपी’ म्हणायची.

“तुम्हाला ते श्वास ऐकू येत नव्हते?” त्याने विचारलं.

“येत होते ना काका. मी कापायला बसलो की ताई हात धरायच्या. मी म्हणायचो, निदान डॉक्टरांना तरी दाखवा. तर म्हणायच्या, ‘राहू दे रे ते श्वास. घरी आमचे हे रोज कान देऊन ऐकतात. खरंच काही बिघडलं असेल तर त्यांना पहिलं कळेल. ते म्हणाले की जाईन.’” शिंप्याचे डोळे भरून आले होते. नवऱ्याला हे ऐकून बरं वाटेल, असंच त्या भल्या पोराला वाटत होतं. “एवढा भरवसा कोण ठेवतं हो कुणावर?”

तो तिथल्याच खुर्चीत बसला. शिंप्याने पाणी आणून दिलं, ते तसंच हातात राहिलं. तिने विचारलं होतं. रोज संध्याकाळी विचारलं होतं, आणि त्याने रोज सांगितलं होतं, खणखणीत.