आधी समोरच्याचं

कॉलेजात त्यांना सगळे ‘समोरच्या बाई’ म्हणत. बाई तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापक आणि त्यांच्या वर्गाचा नियम एकच: समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या तोंडाने मांडायचं, तो ‘हो, हेच म्हणायचंय मला’ असं कबूल करेपर्यंत मांडायचं, आणि मगच ते खोडायला निघायचं. नियम घरालाही लागू होता. त्यांचा नवरा रसायनाच्या प्रयोगशाळेत कामाला. तो म्हणायचा, “आमच्याकडे भांडण होतच नाही हो. तिचं म्हणणं तिला पटेल असं मांडेपर्यंत माझा राग उतरतो आणि चहाही गार होतो.”

बाईंचे वडील घड्याळजी. दुकान इतकं अरुंद की दोन गिऱ्हाइकं आली तर एकाने बाहेर उभं राहायचं. कुणी घड्याळ पुढे केलं की ते डोळ्याचं भिंग वर सरकवून आधी सगळी तक्रार ऐकून घेत आणि आपल्या शब्दांत परत सांगत. “म्हणजे टेबलावर नीट चालतं, मनगटावर घातलं की मागे पडतं. असंच ना?” गिऱ्हाईक ‘हो, तेच’ म्हणेपर्यंत ते झाकण उघडत नसत. काउंटरच्या आतल्या स्टुलावर बसून बाईंनी शाळेचा अभ्यास केला, पुढे गणिताची पदवी घेतली, आणि सगळे आता चांगली नोकरी लागणार म्हणून वाट पाहत असताना तत्त्वज्ञानाच्या एम.ए.ला नाव घातलं. आत्याने तर डोक्याला हातच लावला.

पीएच.डी.चा विषय होता पूर्वपक्ष, म्हणजे एखादं मत खोडण्याआधी ते नीट मांडून दाखवण्याची जुनी रीत. प्रबंधाला अकरा वर्षं लागली, कारण ज्यांची मतं खोडायची होती त्यांचीच बाजू मांडण्यात पहिली आठ गेली. अर्पणपत्रिका होती ‘ज्यांची घड्याळं बिघडली त्या सर्वांना’. परीक्षकांनी तिचा अर्थ विचारला नाही आणि वडिलांनी प्रबंध उघडला नाही. मुलगी काय शिकवते असं कुणी विचारलं तर ते म्हणत, “तिलाच विचारा बुवा. मी एकदा विचारलं होतं, अर्धा तास बोलत होती.” हे मात्र बाईंना आतून लागायचं.

आणि एका वर्षी बाईंचा विभागच बंद करायचा प्रस्ताव कॉलेजच्या समितीपुढे आला. विभाग म्हणजे काय, तर जिन्याखालची एक खोली, चार बाक, एक फळा आणि बाई. प्राचार्यांना ती खोली कॉम्प्युटरसाठी हवी होती. तसे ते भले गृहस्थ, पण बोलायला उभे राहिले की गाडी रुळावरून घसरायची. समितीच्या बैठकीत त्यांनी सुरुवात खोलीपासून केली आणि पाच मिनिटांत पाण्याच्या टाकीवर पोचले.

बाईंना दहा मिनिटं दिली होती. त्या उठल्या, आणि सवयीने घात केला.

“सरांचं म्हणणं मी आधी नीट मांडते,” त्या म्हणाल्या. तत्त्वज्ञानाला यंदा मुलं अवघी पाच आहेत. कॉम्प्युटरची मुलं पाळीपाळीने उभं राहून काम करतात. विचार माणूस झाडाखालीही करील, यंत्राला मात्र टेबल लागतं. बाईंनी मुद्द्यामागून मुद्दा असा रचला की प्राचार्य खुर्चीतून अर्धे उठले. “हो! हेच म्हणायचंय मला! अगदी हेच!”

तेवढ्यात दहा मिनिटं संपली. सभासदांनी मत नोंदवायला पेनं काढली. बाई खाली बसल्या. वीस वर्षांची नोकरी त्यांनी आपल्याच हातांनी दुसऱ्याच्या ताटात वाढली होती.

समितीच्या अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश होत्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“थांबा. बाईंनी तुमची बाजू मांडली, सर. आता तुम्ही त्यांची मांडा. त्या हो म्हणाल्या की लगेच मतं घेऊ.”

“त्यात काय,” प्राचार्य म्हणाले. “तत्त्वज्ञानाने मनाला शांती मिळते.”

“नाही,” बाई म्हणाल्या.

“बरं, संस्कार होतात.”

“तेही नाही, सर.”

प्राचार्यांनी आणखी दोनदा प्रयत्न केला आणि रुमालाने मान पुसली. अध्यक्षांनी त्यांना पंधरा दिवस दिले.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य कुरकुरत बाईंच्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसले. विषय होता, न ऐकता दिलेला न्याय बरोबर ठरला तरी त्याला न्याय म्हणावं का. त्यांची जोडी पहिल्या वर्षाच्या एका किडकिडीत मुलीशी लागली. त्यांनी तिचं म्हणणं मांडलं. ती म्हणाली, “नाही सर, असं मी म्हटलंच नाही.” पुन्हा मांडलं. पुन्हा नाही. सातव्यांदा ती ‘हो, हेच’ म्हणाली, तेव्हा प्राचार्य पोरासारखे हसले, आणि दुसऱ्या दिवशी घंटा व्हायच्या आधीच येऊन बसले. बाईंनी त्यांना काडीची सूट दिली नाही.

पंधरा दिवसांनी समिती बसली. या वेळी प्राचार्य पाण्याच्या टाकीकडे गेले नाहीत.

“माझ्या ऑफिसात रोज माणसं तक्रारी घेऊन येतात,” ते म्हणाले. “मी ऐकायच्या आधीच उत्तर देतो. तीस वर्षं देत आलोय. परवा एका शिपायाचं म्हणणं त्याला परत सांगितलं तर तो चार वेळा नाही म्हणाला. म्हणजे आजवर किती जण नाही म्हणायचं मनात ठेवून निघून गेले असतील? बाईंचं म्हणणं असं, की ऐकणं हे शिकावं लागतं आणि शिकवावं लागतं, आणि ते एकट्याने झाडाखाली बसून येत नाही. त्याला समोर माणूस लागतो, म्हणून खोली लागते. बरोबर, बाई?”

बाईंचे डोळे भरून आले. “हो, सर. हेच म्हणायचंय मला. आणि मला इतकं सोपं मांडता आलं नसतं.”

मतं घ्यायची वेळच आली नाही. प्राचार्यांनी प्रस्ताव मागे घेतला आणि लगेच दुसरा मांडला: कुठल्याही शाखेच्या प्रत्येक मुलाने पहिल्या वर्षी बाईंचा हा एक तास करायचाच. जिन्याखालची खोली आता पुरणार नव्हती. बाईंना सभागृह मिळालं आणि जिन्याखाली कॉम्प्युटर गेले, म्हणजे प्राचार्यांचंही घोडं गंगेत न्हालं.

बैठक संपली तशा बाई तडक वडिलांच्या दुकानात गेल्या. वडील भिंग लावून एका घड्याळात डोकं घालून बसले होते. बाई जुन्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं, पहिल्या बैठकीतल्या फजितीपासून शेवटच्या ‘हो’पर्यंत. वडिलांनी चिमटा खाली ठेवला आणि भिंग वर सरकवलं.

“म्हणजे,” ते सावकाश म्हणाले, “समोरचा काय म्हणतोय ते आधी त्याला परत सांगायचं. तो हो म्हणाला की मगच हात घालायचा. हे तू शिकवतेस. असंच ना?”

“हो, बाबा. तेच.”

वडिलांनी भिंग काढून काउंटरवर ठेवलं. मग त्यांनी अभिमानाने दुकानभर नजर फिरवली.

“अगं, मग हे तर आपल्या दुकानातलंच आहे! अकरा वर्षं कशाला लागली तुला?”